मी हाणून पाडलेलं बाक

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाची वस्ती आहे. तिथल्या हिरवळीवर बसायला एक बाक ठेवायचं घाटत होतं. ते होऊ नये म्हणून मी भर सभेत भाषण केलं आणि ते हाणून पाडलं. परक्या देशात तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली पाहुणी मी. हिरवळ माझी नव्हती, बाक माझं नव्हतं, आणि 'बोला' असं मला कुणी म्हटलंही नव्हतं. पण तेव्हा मी जेमतेम चौसष्टची, म्हणजे तशी अल्लडच. शिवाय पुण्यात बरीच वर्षं सोसायटीची सेक्रेटरी. विमानतळावर बॅगांचं वजन करतात, असल्या पदाच्या माजाचं करत नाहीत. त्यामुळे तो बिनबोभाट सोबत आला.

मुलगी तिथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर. एप्रिलमध्ये पुणं तापायला लागलं की आम्ही दोघं तिच्याकडे जायचो, ते जून संपेपर्यंत. तिच्या वस्तीची एक समिती होती. भरायची पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, सभागृहात, पण चर्चशी संबंध सभागृहाच्या किल्लीपुरताच. फुलांच्या कुंड्या, कचरा वेचणं, झाडं लावणं, हिरवळीची निगा, अशी तिची कामं. प्रत्येक घराला एक मत, घरातलं कुणीही आलं तरी चालायचं. २०१५ च्या मे महिन्यात मुलीची ड्यूटी आडवी आली, म्हणून ती मला म्हणाली, "आई, तू जाऊन नुसती बस. आणि प्लीज, तिथे सोसायटी चालवू नकोस हं."

बसले की नुसती. चहा येईपर्यंत.

कोपऱ्यावरच्या घरात माझ्याहून मोठी एक बाई एकटीच राहायची. ती उठली. दुकानातून पिशव्या घेऊन येताना मधे कुठे टेकता येत नाही, हिरवळीच्या कडेला एक बाक ठेवा, एवढंच म्हणाली आणि बसली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त बसचालक. ते म्हणाले, "ग्रँड." म्हणजे 'झकास'. हा शब्द ते सगळ्यालाच वापरत. प्रकरण तिथेच मिटायचं, पण माझा हात वर गेलेला.

"आज बाक ठेवाल," मी म्हणाले, "उद्या तिथे टोळकं बसेल. परवा बाटल्या वेचाल." त्या दिवशी माझं इंग्रजीही असं वाहत होतं की माझं मलाच कौतुक वाटलं. पुण्यात आमच्या गेटजवळचं सिमेंटचं बाक मी स्वतः उभी राहून कसं काढायला लावलं, तेही रंगवून सांगितलं. त्यानंतर तीच पोरं माझ्या स्कूटरवर बसायला लागली, तेवढं मात्र गाळलं. हिरवळीसमोर एक गृहस्थ राहायचे, घराचं झाडांचं कुंपण पट्टी लावल्यासारखं कापणारे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मतं घेतली. बाक बारगळलं. कोपऱ्यावरची बाई आपला कप उचलून मोरीत विसळून गेली.

घरी येऊन मी पराक्रम सांगितला. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दुसऱ्याकडे जेवायला गेलीस, आणि पंगतीतल्या आजीबाईंचा पाट काढून घेतलास."

"तुम्हाला सार्वजनिक कामातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

त्या हिवाळ्यात यांची बायपास झाली. पुण्याच्या सर्जननी बजावलं: रोज चालायचं, चुकवायचं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही ओंगारला आलो आणि पहिल्याच सकाळी दुकानाकडे निघालो. हिरवळीपर्यंत गेलो. तिथे हे दिव्याच्या खांबाला धरून उभे राहिले. छातीत दुखत नव्हतं, दम पुरत नव्हता. जरा टेकलं असतं तर पुढे गेलो असतो. टेकायला काय होतं? सुरेख कापलेलं, ओलंचिंब गवत. आणि माझं भाषण.

दुसऱ्या दिवशी हे घरातच फिरू लागले. दिवाणखाना ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते दिवाणखाना. मुलगी चिडली, "बाबा, हे चालणं नव्हे!" नात म्हणाली, "आजोबा, यू'र लाइक अ गोल्डफिश." हे हसले, पण बाहेर जाईनात. रस्त्यात खांबाला धरून उभं राहायची लाज वाटते, असं म्हणाले नाहीत, पण मला कळत होतं. माणूस घरात बसला की आणखी बसत जातो. माझ्या वडिलांचं तसंच झालेलं मी पाहिलंय. मला झोप लागेना.

आणि एका आठवड्यात हे आपणहून बाहेर जायला लागले! दुकानातून ब्रेड घेऊन परत येत, चेहरा टवटवीत. मला वाटलं, माझ्या कटकटीचा गुण. एकदा पाऊस आला म्हणून छत्री घेऊन मागे गेले, तर कोपऱ्यावरच्या घराच्या फाटकात स्वयंपाकघरातली एक लाकडी खुर्ची. खुर्चीवर ओल लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी. पिशवीवर आमचे हे. हातात बिस्कीट. दारात ती बाई.

"रोज सकाळी ठेवते," ती म्हणाली. "त्या दिवशी खांबाला धरून उभे होते, खिडकीतून पाहिलं मी."

"हे माझे मिस्टर," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

"माहितीये की. तू बाकवाली."

यांनी बिस्किटाचा तुकडा मोडला आणि मराठीत म्हणाले, "पाट मिळाला बघ."

मे महिन्याच्या सभेत मी बाकाचा प्रस्ताव मांडला. आता इथून माझं डोकं फिरायला सुरुवात होते. कारण गेल्या वर्षी जी सभा चहाच्या कपाइतक्या वेळात बाक पाडू शकली, तिला बाक उभं करायला काय काय लागावं! कुंपणवाले गृहस्थ उठले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी एक फार समंजस बाई म्हणाल्या होत्या, आज बाक, उद्या टोळकं, परवा बाटल्या." शब्दन्‌शब्द! माझाच माल, मलाच विकायला काढलेला. मी म्हणाले, माणसाचं मत बदलतं. ते म्हणाले, टोळक्याचं बदलत नाही. मी यांच्या ऑपरेशनचं सांगू लागले, तर इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे. "ही नीड्स... सिटिंग," असं काहीतरी म्हणून मी खाली बसले. पुण्याच्या सेक्रेटरीबाई!

तेव्हा कोपऱ्यावरची बाई उभी राहिली. "मी रोज सकाळी खुर्ची बाहेर काढते आणि दुपारी आत नेते," ती म्हणाली. "ती जड आहे आणि मला कंटाळा आलाय." बसली. हात वर झाले, बाक मंजूर. अध्यक्ष म्हणाले, "ग्रँड."

बाक आलं? छे! आधी जागा ठरवायला उपसमिती. मग पाठ असावी की नसावी. पाठ असली तर पोरं रेलतील, नसली तर म्हातारे पडतील. मग मधे हात असावा का, म्हणजे कुणी आडवं होणार नाही. मग तोंड कुठल्या दिशेला. कुंपणवाल्यांचं म्हणणं, त्यांच्या खिडकीकडे नको. मग जमीन नगरपालिकेची, तिची परवानगी. मग जुलै-ऑगस्ट, समिती सुट्टीवर. पुण्यात बसून मी मुलीला दर रविवारी विचारायची, "बाक?" ती म्हणायची, "आई, पुढचा विषय."

पुढच्या एप्रिलमध्ये येऊन बघते तर हिरवळीवर एक लाकडी खुंटी, तिला लाल फीत. म्हणजे जागा ठरली! त्या खुंटीभोवतीचं गवत इतकं नीट कापलेलं की मला रडावं का हसावं कळेना. खुर्ची अजून फाटकात. फक्त आता दोन खुर्च्या, दुसरी तिची. हे आणि ती शेजारी बसून ढगांबद्दल बोलत. दोघांचं इंग्रजी एकमेकांना अर्धंच कळायचं, तेवढ्यात दोघांचं छान भागायचं.

आम्ही परत निघायच्या आठवड्यात बाक आलं. पाठ असलेलं, मधे हात असलेलं, कुंपणवाल्यांकडे पाठ फिरवलेलं. अध्यक्ष पाना घेऊन स्वतः बोल्ट आवळत होते. हे दुकानापर्यंत जाऊन आले आणि येताना बसले. दम खाल्ला, उठले, एकटेच हिरवळीला एक फेरी मारून आले आणि पुन्हा बसले, नवीन खेळणं मिळाल्यासारखे. हाताच्या पलीकडच्या अर्ध्यात ती बसली. दोनच जागा, दोन्ही भरल्या. मी उभीच.

"चला," मी म्हणाले, "झालं बाई एकदाचं आपलं बाक."

तिने माझ्याकडे वर पाहिलं, मांडीवरची पिशवी सारखी केली आणि म्हणाली, "विरोधात काय सुंदर बोलली होतीस तू. बाजूने बोलायची वेळ आली, तेव्हा मात्र मलाच उठावं लागलं."