फक्कीचं घर

समुद्रकाठच्या जागेवर मी चुन्याच्या फक्कीने घर आखलं: दोन खोल्या, पुढे पडवी. नव्या जोडप्याचं पहिलं घर आणि माझाही पहिलाच नकाशा.

"एवढंसंच?" नवरा हिरमुसून म्हणाला आणि रेषा ओलांडून आत गेला. मी हातातला नकाशा पुन्हा तपासला.

"अरे, भिंतीतून काय शिरतोस? दारातून ये!" बायको ओरडली. तिने दाराच्या जागेबाहेर चपला काढल्या आणि पडवीत समुद्राकडे तोंड करून बसली. "संध्याकाळचा चहा इथेच हं." तो हसत मागे फिरला, दारातून आत गेला, तिच्याशेजारी टेकला.

मला शिकवायला राबलेले आईवडील आठवले. मी आखलेल्या रेषांना माणसं घर मानतात, हे त्यांना सांगायलाच हवं.

"सर, बाहेर का? या ना आत!" पडवीतून तिने हाक मारली.

मी दारापाशी बूट काढले.