आत्याला खारा लागणारा ॲम्प्लिफायर

कुठल्या ग्रुपकडे प्रेमाचे किस्से असतात, कुठल्या ग्रुपकडे मारामारीचे. आमच्याकडे फक्त एका डब्याचे आहेत. जना भेटला, प्रधान भेटला, की चहा यायच्या आत तो डबा निघतोच, आणि दर वेळी त्यातून एखादा विसरलेला किस्सा बाहेर पडतो. एवढं सगळं घडत होतं तेव्हा आमच्यातलं कामावर कोण जात होतं, हा प्रश्न आता मलाच पडतो!

डबा म्हणजे जनाचा गिटारचा ॲम्प्लिफायर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जना तळवलीचा आगरी, बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत फिटर. प्रधान वाशीला टीव्ही दुरुस्त करायचा. मी कोपरखैरण्याचा, मूळ सातारकर, ढोलकी वाजवणारा. डबा आला होता एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून. ट्रान्झिस्टरवाला, पुढे बेस आणि ट्रेबलची दोन बटणं.

जनाने माडीवर पहिल्यांदा तार छेडली आणि खालून हाक आली, "खारा हाय रं बाला!"

ती हिराआत्या, जनाच्या वडिलांची बहीण. आई लवकर गेली, तेव्हा जनाला तिनेच वाढवलं. ती धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई. सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं, त्यामुळे आवाजसुद्धा जिभेवर ठेवून बघायची.

जनाच्या बहिणीची, चंदाची, हळद हिवाळ्यात होती. आत्याने सांगून टाकलं होतं, दम पुरत नाही, ही माझी शेवटची हळद. जनाला एकच पाहिजे होतं. त्या हळदीत आत्या गाणार आणि तो साथ करणार. त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं, "डबा वाजला तं मी नाय."

*

प्रधानने डबा उघडला आणि आम्हाला शिकवायला घेतलं. "आत्याचा खारा म्हणजे किणकिणाट. तो एका वाटेने जातो, घुमारा दुसऱ्या. वाटेवर कपॅसिटर बसलेत, सोसायटीच्या वॉचमनसारखे. वॉचमन बदलला की कोणाला आत सोडायचं ते आपण ठरवायचं. टेन्शन नाय!"

त्याने एक वॉचमन बदलला. जनाने वाजवलं आणि आम्ही डोळे मिटले. काय तो गोडवा! मी म्हटलं, मधासारखा. जना म्हणाला, आवाज खाडीवरून आल्यासारखा वाटतो. बरेच दिवस आम्ही येईल त्याला ऐकवत होतो आणि येणारा प्रत्येक जण मान डोलवत होता.

मग एकदा डबा हलवताना आतून काहीतरी खुळखुळलं. प्रधानचा नवा कपॅसिटर नीट चिकटलाच नव्हता, आत मोकळा फिरत होता. जुना अजून जागेवरच होता, कारण तो काढायचा राहून गेला होता.

"पण गोड तर वाटत होता ना?" प्रधान म्हणाला.

*

म्हणजे आत्याचे कान सोन्याचे होते असं समजू नका. एके दुपारी प्रधान डबा पालथा घालून सोल्डरिंग करत होता. प्लग काढलेला, गिटार खुंटीला. तेवढ्यात खालून आत्या ओरडली, "खारा! अजून खारा! कान फारतंय माजा!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जना खाली जाऊन आला आणि कॉटवर पडून पोट धरून हसायला लागला. आत्याच्याच चुलीशेजारी गॅसवर कुकरची शिट्टी चालू होती!

जेवताना आत्या अजिबात ओशाळली नाही. म्हणाली, "मंग त्या कुकरला पन लावा तुमचा वाचमन."

*

कपॅसिटर आणायला जना एकटाच मुंबईला गेला. दुकानदाराने विचारलं, व्हॅल्यू काय? प्रधानने लिहून दिलेली चिठ्ठी घरी राहिलेली. जना म्हणाला, "थोडा कम खारा दे दो."

दुकानदार शांतपणे म्हणाला, "नमक का धंदा है क्या?"

"था. अभी उधर प्लॉट है."

"और लगाना किसमें है?"

जनाच्या डोक्यात तेव्हा एकच माणूस. म्हणाला, "आत्या में!"

दुकानदाराने पुढे काहीही न विचारता मूठभर वेगवेगळे कपॅसिटर पुडीत बांधून दिले.

*

त्या पुडीतला सगळ्यात मोठा कपॅसिटर बसवला तो रविवार मला अजून स्वप्नासारखा आठवतो. भरती होती. माडीच्या खिडकीतून खाडीचं पाणी जुन्या मिठागराच्या बांधापर्यंत आलेलं दिसत होतं. ट्रेबल असा काही कापला गेला होता, की सूर कुठे सुरू होतो तेच कळेना, नुसता मऊ घुमारा खोलीत पसरत होता. जना वाजवत राहिला. माझे डोळे जड झाले. प्रधान भिंतीला टेकला. मग वाजवता वाजवता जनाच घोरायला लागला. इतकी सुखाची झोप मी परत कधी झोपलो नाही, खरं सांगतो.

जाग आली तेव्हा खाडी ओसरली होती आणि त्या संध्याकाळी नेरूळच्या एका सोसायटीत आमचा वाजवायचा प्रोग्रॅम होता, तोही आमच्याशिवाय उरकला होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. "अहो, तुमचा आवाजच आला नाही!"

जना म्हणाला, "बरोबर आहे साहेब. ट्रेबल जास्तच कापला."

*

शेवटी हळद आली. प्रधानने मधला कुठला तरी कपॅसिटर बसवला होता, आणि आवाज जमला त्या जागी बटणावर चंदाच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. मांडवात बाया दाटीने बसलेल्या. आत्या चंदाच्या पुढ्यात, हळदीची वाटी घेऊन. जनाने हलकेच तार छेडली. डब्यावरचा लाल दिवा लागलेला, आवाज मला तरी झकास वाटत होता. आत्याने मान हलवली. नाही.

जनाचं तोंड एवढंसं झालं. तरी तो वाजवत राहिला, खाली मान घालून.

आणि लाइट गेली. मांडव काळोखात बुडाला, डब्यावरचा लाल दिवाही विझला. पोरं पेट्रोमॅक्स शोधायला धावली. जना डोळे मिटून होता, त्याला पत्ताच नाही. बोटं चालूच. नुसत्या तारांचा तो आवाज, कानाशी डास गुणगुणावा एवढासा.

आत्या पुढे सरकली. अजून सरकली, डोकं जनाच्या गिटारपाशी आणलं, आणि तिने धवला धरला. इतका हळू, की तारा झाकल्या जाऊ नयेत. बाया श्वास रोखून वाकल्या. त्या काळोखात ती दोघं किती वेळ होती कोण जाणे. मला रडू येत होतं आणि ते पुसायचंही सुचत नव्हतं.

धवला संपला. पेट्रोमॅक्स आला. आत्याने हळदीचा हात बंद डब्यावर ठेवला.

"आता नाय लागत खारा," ती म्हणाली. "काय बदललास रं बाला?"

जनाने माझ्याकडे बघितलं. मी प्रधानकडे.

प्रधानने घसा साफ केला. "कपॅसिटर, आत्या."