दुसरी वेलांटी

शेळके सरांना मी शेवटचे पाहिले ते मस्तगडमधल्या त्यांच्या घरी. डोळे पिवळे झालेले, हातात झाडपाल्याच्या औषधाची वाटी. दवाखान्यातल्या तपासणीची तारीख उलटून गेली होती. मी चाचरत विचारले, “सर, यानं बरं होतं, हे कोण म्हणतंय?” प्रश्न त्यांचाच, ग्रंथालयात कोणी ऐकीव माहिती सांगितली की ते हेच विचारत. वाटी रिकामी करून ते म्हणाले, “बायको म्हणून राह्यली. तिला पुरावा मागू का मंग?” शेजारी उभ्या असलेल्या काकू हसल्या… पुढच्याच आठवड्यात सर गेल्याचा निरोप आला.

मुलांची शिक्षणे उरकल्यावर, चाळिशी उलटून मी शिकायला महाविद्यालयात पाऊल टाकले तेव्हा सर तिथे ग्रंथपाल होते. मागितलेले पुस्तक ते हाती देत नसत. ग्रंथालयाच्या संगणकापुढे बसवून आमचे आम्हालाच शोधायला लावत. मी पहिल्यांदा ‘विहिर’ असे टंकले. ‘नोंद आढळली नाही.’ संकोचून मी उठू लागले.

“बसा बाई. यंत्र न्हाई म्हणालं म्हणून पुस्तक न्हाई, असं कुठंय? पहिली वेलांटी दिली तुम्ही. दुसरी देऊन बघा.”

‘विहीर’ लिहिताच पडदा पुस्तकांनी भरला. “न्हाईवर विश्वास ठेवायच्या आधी आपण काय विचारलं ते बघायचं,” ते म्हणाले.

असा माणूस ती वाटी का प्यायला असेल? प्रेमापोटी म्हणावे, तर तपासणी टाळायचे कारण नव्हते. थकला म्हणावे, तर त्या दिवशीही ते थट्टा करत होते.

परवा काकू त्यांच्याकडची पुस्तके परत करायला ग्रंथालयात आल्या. मी त्याच संगणकापुढे होते. शेजारच्या खुर्चीत बसून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी दिलेल्या औषधानं झालं का गं? यात बघ बरं. पुस्तकं, लेख, काय असंल ते.”

मी ‘काविळ’ लिहिले, पुढे ‘झाडपाला’. नोंद आढळली नाही. केवढे सुटल्यासारखे वाटले… मग चूक दिसली. तरीही ‘काही नाही, काकू’ एवढे म्हणून उठता आले असते. मी तोंड उघडलेही.

काकू पडद्याकडे पाहत होत्या. “दुसरी वेलांटी देऊन बघितलीस का?”

सर बसत तशाच काकू त्या खुर्चीत पुढे वाकून बसल्या होत्या. मी दुसरी वेलांटी दिली.