शुक्रवारी न येणारी देवी

मामा काल गेला. अटॅकने.

चाळीत मात्र कालपासून एकच चालू आहे, "देवीने नेला."

ही देवी कोण, माहितीये? त्याचीच बायको. माझी वनितामामी.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल रडून रडून बरळतेय.

मामा-मामी बोईसरला राहायचे, कुंभवलीच्या अंगाला एका चाळीत. मामा फिटर. मामी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, ठेकेदाराकडे, ड्रम धुवायला. रिकामे ड्रम उग्र वासाचं सॉल्व्हंट घेऊन आतून पुसायचे. तोंडाला ओढणी, अर्धं अंग ड्रमात.

एक दिवस ड्युटीवरून आली आणि दारातच घुमायला लागली. हात थरथरतायत, डोळे फिरलेत, मध्येच हसतेय.

शेजारच्या काकू धावल्या. "अगो, वारं आलंय हिच्या अंगात!"

कुंकू लावलं, पाटावर बसवलं, ओटी भरली.

झाली मामी देवी.

आता मामा पडला कट्टर नास्तिक. मला म्हणायचा, "मी मेल्यावर फेसबुकवर श्रद्धांजली लिवू नको हां. त्यात श्रद्धा येते. नुसती अंजली चालेल. तुजं नावच हाय!" आणि स्वतःच्याच जोकवर खो खो हसायचा.

मामी घुमली तेव्हा मात्र हसला नाही. कोपऱ्यात बसून नुसता बघत राहिला. काही आठवडे गेल्यावर मला म्हणाला, "अंजे, एक गंमत बघ. देवी ड्युटीवरून आल्यावर येते. शुक्रवारी येत नाय."

शुक्रवारी कंपनीला सुट्टी.

"शुक्रवार देवीचा वार ना गो? आनि त्याच दिवशी देवी गैरहजर? तिला पण वीकली ऑफ हाय काय?"

मला वाटलं, संपला विषय. यापुढे कोण काय बोलणार? मंगळवारच्या आरतीला सगळ्या चाळीसमोर त्याने हे विचारलं.

काकूंनी आरतीचं ताट खाली ठेवलं.

मग म्हणाल्या, "शुक्रवारी ती गडावर जाते. मूळ ठाण्याला हजेरी नको द्यायला?"

आणि सगळ्यांना पटलं! माना हलल्या, आरती सुरू झाली. कप्पाळ.

मामा ठेकेदाराकडे गेला. हिला ड्रमावरून काढ, पॅकिंगला टाक म्हणाला.

ठेकेदाराने कानाला हात लावले. "अरे भाई, माताजी का हाथ लगता है उधर. बरकत है. क्यों हटाऊँ?"

शिफ्ट सुरू होताना बायका मामीच्या पाया पडायच्या. मग मामी ड्रमात वाकायची.

मामा घरी येऊन ओरडला, "सोड ती कंपनी!"

मामी शांत होती. "अवो, लोकं माज्या पाया पडतात. पयलं ताट मला वाढतात. इतकी वर्सं मला कोण विचारत होतं? तुमी तरी विचारलंत कदी?"

मामा चपला घालून बाहेर गेला.

पुढे मामी गेली. किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करायच्या?" तर मामा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. एवढ्या माणसांत हे विचारणारे ते पहिलेच.

चाळीने वर्गणी काढून तिचं छोटं देऊळ बांधलं. फोटो, खण, नारळ. बरोबर मामाच्या दारासमोर. सकाळी दार उघडलं की समोर बायको, हार घातलेली.

तरी हा बोलत राहिला. नाक्यावर, टपरीवर, देवळासमोर उभा राहूनसुद्धा. लोक वैतागायचे.

"जनार्दन, तू देव मानत नाय ना? मग तुला काय पडलंय?"

"नाय मानत म्हणूनच पडलंय! तुमचा देव तुमच्या देव्हाऱ्यात बसला असता तर मी कशाला तोंड उघडलं असतं? तो माज्या बायकोच्या ड्युटीवर आला. मी बोलत होतो वारं लागलंय, कंपनीचं. तुमी बोललात वारं आलंय, देवीचं. एवढ्या एका शब्दात बाई गेली माजी."

लोक ऐकून घ्यायचे. आणि जाताना चपला काढून मामीला हात जोडायचे.

आता ऐका.

मामीच्या जागेवर चाळीतलीच रंजना लागलीय. नवीन सून, वय एवढंसं. गेल्या महिन्यात तीही घुमायला लागली. म्हणे, वनितादेवीने हिला धरलं.

मामा रोज तिच्या घरी जायचा. रोज हाकलून द्यायचे. परवा फोनवर आवाज पार बसलेला. "अंजे, माज्याच्याने होत नाय आता. ती शुक्रवारी बरी असते गो. कोणीच बघत नाय."

काल अंत्ययात्रेला ही गर्दी! नास्तिकासाठी नव्हे, देवीच्या नवऱ्यासाठी. त्याच्या कपाळावर कुंकू लावलं. मी पुसलं. कुणीतरी परत लावलं. मी परत पुसलं, परत लावलं. शेवटी माझाच हात दमला.

आज सकाळी मी रंजनाकडे गेले. सासू चांगली बाई आहे. बसायला दिलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेने म्हणाली, "ताई, तुमी पण मामांसारख्याच. देव मानत नाय ना? मग तुमाला काय पडलंय?"

मामाचं उत्तर मला तोंडपाठ आहे हो. पण आत रंजना नाईट करून येऊन पाटावर बसली होती. हात थरथरत होते. पुढ्यात गरम ताट होतं, सगळ्यांच्या आधी वाढलेलं. ती माझ्याकडे बघून हसली.

मी उठून आले.

आज गुरुवार.

उद्या सुट्टी. उद्या रंजना बरी असेल, भाकऱ्या थापेल, नळावर गप्पा मारेल. सगळे म्हणतील, देवी गडावर गेली.

शनिवारी परत ड्रम.

मामा, तू हरलास रे. मीही हरणार, दिसतंय मला.

श्रद्धा वगळून जे उरतं, तेवढं घे.

तुझी,
नुसती अंजली