कोरियाची बरणी, परतूरचे दाजी

नाशिकहून सकाळची गाडी पकडली तेव्हा मी चांगलाच तापलो होतो. परतूरहून अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला होता. दाजींच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून त्यांना रोज गोळी लागते, आणि ती गोळीच आता लागू पडेनाशी झाली होती. झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला गुन्हेगार शोधायला वेळ लागतो होय? दाजींना जालन्यातल्या मस्तगडच्या अत्ताराच्या (जडीबुटी विकणाऱ्याच्या) पुड्यांचा भारी नाद. म्हणून मी आधी जालन्यालाच उतरलो.

दुकान अरुंद, ज्येष्ठमध आणि हिंगाच्या वासानं भरलेलं. गादीवरच्या चाचांनी माझी सगळी सरबत्ती ऐकून घेतली, चहा मागवला आणि मग म्हणाले, "मास्तर, ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना काहीच दिलं न्हाई. आमच्या वालिदची, अब्बांची, रीत हाय. पुडी बांधायच्या आधी विचारायचं, दुसरी कोणती गोळी चालू हाय? रक्त पातळ करायची म्हणलं की मंग बिलकुल न्हाई."

"मग बिघडलं कशानं?"

"कोरियाची बरणी दाखवायला आल्ते. जिनसेंगची. मी म्हणलं, डाक्टरला विचारा. तर म्हणले, मेव्हण्यानं पाठवली, तो केमिस्ट्रीचा मास्तर हाय."

मी कप खाली ठेवला. कोरियाच्या सहलीहून ती बरणी मीच आणली होती, आणि सोबत चार पानी पत्रही धाडलं होतं. जिनसेंगच्या मुळीत जिनसेनोसाइड नावाची संयुगं असतात, आपल्या रिठ्याला फेस आणणाऱ्या सॅपोनिनच्याच कुळातली. मुळी वाफवून वाळवली की त्यातली काही बदलतात आणि लाल जिनसेंग तयार होतं. थकव्यावर ते चांगलं मानतात, साखरही थोडी उतरते म्हणतात, काहींची झोप मात्र उडते. सगळं कसं मुद्देसूद लिहिलं होतं! रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर ते कमी करू शकतं, हेही मी कधीतरी वाचलं होतं. पण लिहिताना विद्वत्ता आठवली, दाजी नाही आठवले. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिथूनच अक्काला फोन करून बरणीतलं जिनसेंग बंद करायला सांगितलं आणि डॉक्टरांना लगेच कळव म्हटलं; चूक माझी, हे सांगायचं मात्र धाडस झालं नाही.

परतूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. मोसंबीच्या बागा मागे पडल्या, पांढऱ्या कापसाची काळी रानं सुरू झाली. एरवी मी शेजाऱ्याला मातीतल्या चुन्याबद्दल दोन शब्द ऐकवले असते. त्या दिवशी गप्प बसलो.

अक्कानं भाकरी-पिठलं वाढलं, पण स्वतः घास घेईना. "माझ्याच हातानं झालं रे," ती म्हणाली. "डाक्टर म्हणले पालेभाजीनं गोळीचा जोर उतरतो, बेतानं द्या, अन् मी आपली मेथी करून राह्यले."

"मेथी नाही, अक्का. ते जिनसेंग. मी पाठवलेलं. चूक माझी आहे."

तिनं ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, "हे म्हणत व्हते, डाक्टरला विचारू. मीच म्हणलं, भाऊनं पाठवलंय, मंग विचारायचं कशाला?"

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गोळी किती घ्यायची ते त्यांनी नव्यानं ठरवून दिलं आणि चार-चार दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं. मी मुक्काम वाढवला. पहिली तपासणी थोडी सुधारली, दुसरी हवी तशी आली. त्या रात्री अक्का पोटभर जेवली आणि मी तिच्या पानात मेथीची भाजी वाढली.

निघायच्या दिवशी दाजी हट्टानं स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. गुडघा चोळत म्हणाले, "मास्तर, हे लई दुखून राह्यलंय. अश्वगंधा घेऊ का? तुम्ही सांगा, म्हंजे बराबर."

अश्वगंधेतली विथॅनोलाइडं, त्यांचे गुण, जिनसेंगपासून त्यांचं वेगळेपण, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"मला माहीत नाही, दाजी. डॉक्टरांना विचारा."

दाजी चमकले. वाकून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

बरी होती. इतकी बरी ती कित्येक वर्षांत नव्हती.