उसाच्या कडेला सेलो

चार वादक चहाला बसले की किस्से निघतातच. आमच्या पुण्याच्या हौशी ऑर्केस्ट्राचे तर इतके साठलेत, की चहा गार होतो. त्यातले निम्मे निमगाव सावा या गावातल्या त्या एका कार्यक्रमाचे. मी मूळचा पिंपळवंडीचा, ऑर्केस्ट्रात व्हायोलिनला होतो. सेलोवर रोहिणी, नारायणगावच्या कापडवाल्या शहांची मुलगी. सेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचा. आधी क्लासिकल, मग जॅझ, दोन्हींत सेलो पुढे, असा बेत होता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. उसात बिबटे होते आणि माणसं अंधार पडायच्या आत दारं लावत.

*

नारायणगावातून रोहिणी आणि मी वडापच्या जीपने निघालो. सेलोची काळी, माणसाएवढी पेटी टपावर बांधली. शेजारच्या पागोटेवाल्या बाबांनी पेटीकडे बघून हात जोडले.

"कुठलं माणूस, पोरी?"

रोहिणीला वाटलं, तिचंच गाव विचारतायत. "नारायणगावचंच."

बाबा हळूच म्हणाले, "वाघानं का?"

आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. रोहिणी पांढरी पडली. पुढे निमगावापर्यंत ती जीपचा पडदा खाली ओढून धरून बसली.

*

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, दुपारीच ठेवलेला. स्टेजमागे खिडकी आणि खिडकीला लागून ऊस. रोहिणीने खुर्ची तीनदा सरकवली.

आमचे कंडक्टर देशमुख सर वैतागले. "वादकाचं तोंड प्रेक्षकांकडे हवं."

"तोंडाचं काही नाही, सर. पाठ उसाकडे येतेय."

शेवटी ड्रमवाला दिलीप खिडकीपाशी बसला. "माझा आवाज मोठा आहे," म्हणाला.

क्लासिकलमध्ये ड्रम नव्हताच. रोहिणीचा संथ सोलो रंगात आला, लोक मान खाली घालून ऐकत होते, आणि झण्णकन झांज वाजली. सरांनी डोळे वटारले. जरा वेळाने पुन्हा झण्ण.

मध्यंतरात सरांनी त्याला धरलं. "काय होतं हे?"

"ऊस हलला, सर."

"मग?"

"कुत्रं निघालं."

*

जॅझला रोहिणीने गज खाली ठेवला आणि बोटांनी तारा छेडायला लागली. पुढच्या रांगेतल्या आजी कळवळल्या. "मोडला वाटतं गं तिचा गज."

तेवढ्यात लाईट गेले. खिडक्या मध्यंतरातच लावून घेतलेल्या, त्यामुळे हॉलमध्ये मिट्ट काळोख. आयांनी पोरं मांडीवर ओढली. कुणीतरी दाराला आतून कडी घातली. आम्ही सगळे थांबलो. एकटी रोहिणी जाड तार छेडत राहिली, धुम्, धुम्, धुम्.

लाईट बऱ्याच वेळाने आले. मी कुणाचा तरी हात घट्ट धरला होता. तो सरांचा होता आणि त्यांनीही माझा धरला होता.

रोहिणीला विचारलं, "तू का नाही थांबलीस?"

"थांबले असते तर बाहेरचं ऐकू आलं असतं."

*

कार्यक्रम संपला. टाळ्या झाल्या, पण उठलं कुणीच नाही. "वन्स मोअर," मागून आवाज आला. आम्ही वाजवलं. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा वाजवलं. चौथ्यांदा सरांचे डोळे भरून आले. ते स्टेजच्या कडेला वाकून पुढच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हणाले, "बाबा, पुण्यातसुद्धा सेलोला एवढी दाद मिळत नाही."

"त्ये आमाला काय कळत न्हाई, राव," म्हातारा म्हणाला. "लाईटीपायी उशीर झाला. भाईर अंधार पडलाय. वस्तीवर उसातनं जायचंय. तुमी थांबला, की आमाला उठावं लागंल."

सरांनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. मग परत येऊन कंडक्टरची छडी उचलली.

रोहिणीने सेलो पुन्हा गुडघ्यांत घेतला. "कोणतं घेऊ, सर?"

"सगळ्यात लांब आहे ते."