पंधरा अक्षरांचा नियम

राजारामपुरीतल्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबचा सर्व्हर मी सांभाळतो. तो लिनक्सवर चालतो, म्हणून तिथं मला उगाच शास्त्रज्ञ समजतात. एकदा एका बाईंचा रिपोर्ट त्यांच्या हातात पडायच्या आधी त्यांच्या गल्लीत पोचला. रिसेप्शनचा पासवर्ड होता १२३४. डॉक्टर मला म्हणाले, "पुन्हा एक रिपोर्ट फुटला तर तू घरी."

झालं! अंगात आल्यासारखा मी कामाला लागलो. नियमांच्या फाइलीत पासवर्डची किमान लांबी पंधरा केली. जुन्या पासवर्डना नवा नियम आपोआप लागत नाही, म्हणून सगळ्यांचे एका दमात बाद करून टाकले.

"पंधरा?" हुपरीहून रोज एसटीनं येणाऱ्या काकू खेकसल्या. रक्त काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. "आरं, सुई टोचतानाबी मी एवढा तरास देत न्हाय की!"

"नियम म्हंजे नियम, काकू," मी ऐटीत म्हणालो.

महिनाभरात खंडेनवमी आली. मायक्रोस्कोप, सुयांचा डबा, कीबोर्ड, सगळं टेबलावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. आणि माझ्याखेरीज प्रत्येकानं आपल्या पासवर्डची चिठ्ठीही पूजेला ठेवली, वर झेंडू. का, तर तेही हत्यारच, त्याशिवाय मशीन उघडत नाही! काकूंनी फोटो काढून स्टेटसला टाकला. अक्षरन् अक्षर ठळक, पेढ्यांशेजारी. बघणारे निम्मे आमचेच पेशंट.

माझी पाचावर धारण बसली. स्टेटस काढायला लावलं, सगळे पासवर्ड पुन्हा बाद केले आणि काकूंवर तोंड सोडलं. आईच्या वयाची बाई, पण नोकरीच्या भीतीनं मला भानच नव्हतं.

काकूंनी शांतपणे विचारलं, "तुझा किती अक्षरांचा हाय?"

माझं खातं रूटचं. रूटला, म्हणजे सर्व्हरच्या मालक-खात्याला, हा नियम नुसता कुरकुरतो, अडवत नाही. अडवायचं तर फाइलीत आणखी एक ओळ घालावी लागते. ती मी मुद्दाम घातली नव्हती. आणि त्या खात्यातून लॅबचा प्रत्येक रिपोर्ट दिसतो.

"पाच," मी म्हणालो. तोवर डॉक्टर दारात येऊन उभे होते.

"आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, व्हय?" काकू म्हणाल्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर एवढंच बोलले, "आत्ता बदल, सगळ्यांसमोर. न्हाईतर घरी."

मी ती ओळ घातली आणि नवा पासवर्ड टाइप करायला लागलो. सगळी लॅब भोवती उभी. काकू मोठ्यानं कळा मोजत होत्या. "अकरा... बारा..." मला पुढं काही सुचेना.

"थांबलासा का, पावणं? अजून तीन."